पास झालेलं इंजिन

भाऊ गेला त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, काटकोनाने काय करावं? उठला, स्टुलावर चढला आणि भिंतीवरची तसबीर सरळ केली. ती डावीकडे जराशी कलली होती, एवढंच. खाली उतरला, स्टूल जागच्या जागी ठेवलं आणि पुन्हा येऊन बसला. समोर वहिनी बसलेल्या, शेजारी त्यांच्या बहिणी डोळ्यांना रुमाल लावून. सगळ्यांनी पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालंच, "सख्खा भाऊ गेला आणि ह्याला तसबिरीचं पडलंय. माणूस आहे का दगड?"

आता दगड म्हणा, धोंडा म्हणा, त्याचा इलाज नव्हता. रडू यावं म्हणून त्याने अगदी मनापासून प्रयत्न करून पाहिला होता. लहानपणचं आठवून पाहिलं, दादाने खांद्यावर बसवून नेलेलं, ह्याच्या वाटचा मार खाल्लेला. सगळं लख्ख आठवलं, पण वाटलं काहीच नाही. हात अंगाखाली घेऊन झोपलं की उठल्यावर तो कसा परका होतो, चिमटा काढला तरी शेजाऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. आणि ते तसंच राहिलं. आठवडे गेले, लोकांचं येणं-जाणं थांबलं, तरी मुंग्या काही उतरेनात.

काटकोन हे नाव त्याला कचेरीतल्यांनी ठेवलेलं. ज्याने ठेवलं त्याच्या तोंडात साखर पडो, इतकं चपखल. पुलांचे नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला, आणि निवृत्त झाला तरी सुंभ जळला, पीळ कायम. जेवायला बसला की आधी चमचा ताटाशी सरळ रेषेत आणणार, मग घास. दादाचा मामला बरोबर उलटा. दादा छापखान्यात मशीनवर होता. नखांत कायम शाई, शर्टाचं एक बटण कायम गायब, आणि तोंडात एकच शब्द, "चालतंय!" म्हणून सगळे त्याला चालतंयच म्हणायचे. एकाच आईची दोन लेकरं, पण सांगितल्याशिवाय कुणाला पटायचं नाही.

दोघांना जोडणारी गोष्ट एकच होती आणि ती काटकोनाच्या घराच्या मागच्या खोलीत टेबलांवर पसरलेली होती. एक आख्खं रेल्वे स्टेशन, बोटाबोटाएवढं. दोघांचे वडील एका आडबाजूच्या स्टेशनावर सांधेवाले होते. गाडी ह्या रुळावरून त्या रुळावर जायची तर सांधा ओढायचा, हे त्यांचं काम. तेच स्टेशन काटकोनाने पुन्हा बांधलं होतं. फलाट, यार्ड, पाण्याची टाकी, कोळशाचा ढीग, वडिलांची खोपटी, सगळं. आणि नुसतं स्टेशन नाही, एका ठरलेल्या सालातलं स्टेशन. वडिलांचं तिथलं जे शेवटचं वर्ष, तेच ह्या टेबलावर चालू होतं, आणि तिथे साल म्हणजे साल. त्यानंतर आलेला दिव्याचा खांब चालायचा नाही, नंतर लागलेली पाटी चालायची नाही. मेहुण्याने एकदा हौसेने एक चिमुकली मोटार आणली फलाटाबाहेर उभी करायला. काटकोनाने भिंगातून पाहिली आणि परत दिली, म्हणे हे पुढच्या सालचं मॉडेल आहे. मेहुणा अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

इंजिनांचं तर विचारूच नका. बाजारात तयार इंजिनं मिळतात, पण ती कुठल्या तरी भलत्याच रेल्वेची. ती आणायची, खोलायची, बॉयलर कापायचा, त्यावरचा घुमट मागे सरकवायचा, पितळी पत्र्याची नवी केबिन बांधायची, आणि त्यातून आपल्या स्टेशनावर तेव्हा होतं तेच इंजिन उभं करायचं. काटकोनाची अशी बरीच इंजिनं त्या रुळांवर फिरायची. एकेक असं, की फोटोशेजारी ठेवलं तर फोटोच खोटा वाटावा.

दादालाही तोच नाद. पण दादा करायला जायचा गणपती आणि व्हायचा मारुती. केबिन एका बाजूला बसलेली, कठडा वाकडा, रंगात ब्रशाचे केस. रविवारी डब्यातून इंजिन घेऊन यायचा आणि टेबलावर ठेवायचा. काटकोन दिवा ओढून घ्यायचा, मापं घ्यायचा, जुन्या फोटोंचा अल्बम उघडायचा आणि मान हलवायचा.

"नापास."

"अरे, लांबून कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"चालतंय!" म्हणून दादा हसायचा, चहा प्यायचा, आणि घरी जाताना वाटेत जो कुणी भेटेल, न्हावी म्हणा, पोस्टमन म्हणा, त्याच्या हातावर ते इंजिन ठेवून मोकळा व्हायचा. नापास झालेलं घरात ठेवायचं नाही, हा त्याचा नेम. त्यामुळे दादाचं एकही इंजिन त्या रुळावर कधी फिरलं नाही आणि त्याच्या घरीही एक उरलं नाही. दादा काही मनाला लावून घेत नाही, असं सगळे म्हणायचे. काटकोनाचीही तशीच समजूत होती.

दादा गेल्यावर बऱ्याच दिवसांनी वहिनी एका दुपारी आल्या. वहिनी शिवणकाम करायच्या. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. येताना हातात कापडी पिशवी, पिशवीत चपलांचं खोकं. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत यार्डात डबे ढकलायला असतं तसलं एक बुटकं इंजिन, चिंध्यांत गुंडाळलेलं.

"भावजी, हे ह्यांचं शेवटचं," वहिनी म्हणाल्या. "राहिलंय अजून. चाकं फिरत नाहीत, आणखीही काय काय असेल, मला काय कळतंय. तुम्ही पुरं करून द्याल?"

"देतो."

"तुमच्या रुळावर फिरताना बघायचंय मला. ह्यांचं एक तरी." त्या थोडं हसल्या. "पास कराल ना पण?"

"करतो," काटकोन म्हणाला.

त्याला गहिवरून वगैरे आलं नाही. पण शब्द दिला तो दिला. वहिनींनी जन्मात त्याच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि हे काम आपल्याला जमेल एवढं त्याला ठाऊक होतं. बऱ्याच दिवसांनी सकाळी उठून काहीतरी करण्यासारखं होतं. त्याला बरं वाटलं, म्हणजे बरं वाटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बसला. आधी चाकं काढली. दादाने दांडे उलटे लावले होते, चाकं फिरणार कशी? नवे बसवले. मग दिवा जवळ घेऊन त्याने इंजिन वरून पाहिलं आणि त्याचं घोडं धुरांड्यापाशी अडलं. धुरांडं उंच होतं. शिवाय तिरकं. आणि बुडाशी सोल्डरचा, म्हणजे डाग द्यायच्या कथलाचा, असा गोळा साचलेला, जसं मेणबत्ती वितळून खाली बसावी. दादाचं सोल्डरिंग कधीच धड नव्हतं, पण हे म्हणजे फारच झालं.

त्या धुरांड्यावरून दोघा भावांचा जुना वाद होता. दादा म्हणायचा, "मी डोळ्यांनी बघितलंय रे, उंच होतं." काटकोन म्हणायचा, "तू तेव्हा एवढासा होतास, तुला सगळंच उंच दिसायचं. त्या सालच्या आधीच कापून आखूड केलंय, हा घे फोटो." फोटोत होतंच आखूड. मग आता काय करायचं? वहिनींना शब्द दिला होता, इंजिन पास करतो म्हणून. आणि पास करायची काटकोनाला एकच रीत माहीत होती.

त्याने सवयीने धुरांड्याची उंची मोजली, कलही मोजला, सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि धुरांडं उतरवलं. छोट्या लेथवर नवं, आखूड धुरांडं कातून काढलं आणि बसवलं. केसाएवढीही फट नाही. जुनं टेबलाखालच्या डब्यात गेलं.

झालं! एका भिंतीला रंग दिला की बाकीच्या भिंती कशा मळक्या दिसायला लागतात, तसं व्हायला लागलं. धुरांडं सरळ झालं तर घुमट पुढे आलेला दिसायला लागला. घुमट मागे नेला तर केबिन कललेली दिसली. केबिनचं छप्पर म्हणजे तर बिस्किटांच्या डब्याचा पत्रा. आतून वाकून पाहिलं तर निळी अक्षरं दिसत होती. बिस्किटांच्या डब्याचं छप्पर असलेलं इंजिन कुठल्या रेल्वेत धावलंय? काढलं. पितळी पत्र्याचं नवं केलं, एकेक रिव्हेट ठोकून. कठडा काढला, पायरी काढली, कोळशाची पेटी काढली. रंग खरवडला. रोज संध्याकाळी काटकोन टेबल झाडायचा, डबा बाहेरच्या पिंपात रिकामा करायचा आणि हात धुवायचा. सकाळी गाडी येऊन पिंप घेऊन जायची. त्याच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा कचरा कुणी पाहिलेला नाही.

एकेक तुकडा उतरवताना त्याला काही वाटलं का? नाही हो. खरं सांगायचं तर तेवढ्या वेळात आपल्याला काही वाटत नाहीये हेही त्याला जाणवायचं नाही. एवढीच काय ती त्या कामातली मजा होती.

बायको चहा घेऊन दारात यायची आणि गार झालेला मागचा कप घेऊन जायची. बाई तोंडाची फटकळ, पण ह्या दिवसांत जपून बोलत होती.

"काय विचारलं की काय सांगता," ती एकदा म्हणाली. "जेवायचं का म्हटलं तर म्हणता अर्धा मिलिमीटर. जाऊबाई विचारत होत्या, किती राहिलंय."

"छप्पर."

"छप्पर तर होतं की त्याला."

"ते डब्याच्या पत्र्याचं होतं."

"बरं, मग?"

काटकोनाने वर पाहिलंच नाही. टेबलाखालच्या डब्याकडे तिची नजर गेली, काहीतरी ओठांवर आलं, पण ते गिळून ती निघून गेली. तेव्हाच बोलली असती तर बरं झालं असतं. पण बधिर माणसाला काम मिळालंय, तेही काढून कशाला घ्या, असं तिला वाटलं असणार.

इंजिन पुरं झालं. काटकोनाने दिवा लावला, मापं घेतली, अल्बम उघडून शेजारी धरला. कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती.

"पास," तो एकटाच म्हणाला आणि वहिनींना रविवारी बोलावलं.

वहिनी आल्या त्या चांगलं इस्त्रीचं पातळ नेसून. खोलीत येताना चपला बाहेर काढल्या, कुणाच्या घरी पहिल्यांदाच आल्यासारख्या. काटकोनाने इंजिन फलाटापाशी उभं केलं होतं. वहिनी वाकल्या.

"अगंबाई! किती सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. "अगदी दुकानातून आणल्यासारखं."

मग त्यांनी चष्मा लावला आणि अजून जवळ गेल्या. ह्या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. सरळ उभ्या राहिल्या आणि टेबलावर इकडेतिकडे पाहायला लागल्या.

"आणि ह्यांचं कुठंय?"

"हेच की, वहिनी."

"हे नाही हो. ह्यांच्याला उंच धुरांडं होतं."

काटकोनाने अल्बम उघडला. त्या साली धुरांडं आखूड कसं होतं, फोटो कुठून मिळाला, सगळं नीट समजावून सांगितलं. एखादं गिऱ्हाईक आपल्याला बाह्या कशा हव्यात ते सांगत असताना ऐकावं, तसं वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं. धुरांडं बदललंत," त्या म्हणाल्या. "आणि छप्पर?"

"तेही बदललं."

"कठडा? मी घासून दिला होता ह्यांना तो."

"तोसुद्धा."

"मग ह्यांचं काय ठेवलंत त्यात?"

काटकोनाला खोटं बोलता येत नसे. ते त्याला वाकड्या रेघेसारखं वाटायचं. त्याने प्रश्न अगदी प्रामाणिकपणे घेतला. पुढच्या टोकापासून सुरुवात केली आणि मनातल्या मनात मागेपर्यंत गेला. बफर नवे. बॉयलर बाजारातला, पण घासून पुन्हा केलेला. घुमट, केबिन, पेटी, पायऱ्या, चाकं, रंग.

"खालच्या बाजूचे दोन स्क्रू," तो शेवटी म्हणाला. "ते बहुतेक दादाचे असतील."

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला.

"काढलेलं कुठंय?" वहिनींनी विचारलं.

"कचऱ्यात टाकलं."

"कुठल्या? मी शोधते."

"गेला तो कचरा, वहिनी. रोजच्या रोज जातो."

वहिनींनी खुर्ची ओढली आणि बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"धुरांडं मी बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी ह्यांचा हात थरथरायचा. चमचा तोंडापर्यंत जाईना. तुम्ही भेटायला यायचात तेव्हा हात पांघरुणाखाली ठेवून गप्पा मारायचे, तुमच्या नाही लक्षात आलं. म्हणायचे, त्याला सांगू नकोस, तो म्हणेल आता बास कर इंजिनं. मग ते तापलेलं आयर्न मी धरायची, आणि हे माझ्या हातावर हात ठेवून सांगायचे, इकडे, जरा अलीकडे, आता टेकव. ह्यांचा हात हलायचा म्हणून माझा हलायचा. एका धुरांड्याला आख्खी दुपार लागली. हसून हसून पुरेवाट झाली आमची. बसलं तेव्हा ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, हे काही पास होत नाही. मी म्हटलं, बघतेच मी कसं होत नाही ते."

बायकोने चहा आणला, तो कुणी घेतला नाही.

"फिरवून दाखवू?" त्याने विचारलं.

"फिरवा की तुम्ही. चांगलं झालंय," वहिनी उठत म्हणाल्या. "फक्त ह्यांचं म्हणून कुणाला सांगू नका."

त्या गेल्या आणि इतके दिवस गिळलेलं सगळं बायकोच्या तोंडातून बाहेर पडलं. "शाबास! धन्य आहे तुमची! अहो, त्या माणसाचं एवढं एक उरलं होतं घरात, ते घासून-पुसून साफ केलंत! मेल्यावर तरी पास करायचं होतंत ना त्यांना, वाकड्या धुरांड्यासकट!"

ती बोलत होती त्यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं, हे काटकोनाला कळत होतं. हिशेब चुकला की कुठल्या ओळीत चुकला ते त्याला नेहमीच कळायचं. पण कळत होतं ते डोक्यात, आणि डोक्याखाली सगळी सामसूम. आता मात्र त्याला स्वतःची भीती वाटली. एवढं करून बसलो तरी काही वाटत नाही, म्हणजे आपण आहोत तरी कोण?

त्याने त्यावर आपल्या परीने उपाय काढला. चूक झाली ना, मग दुरुस्त करायची. जुन्या धुरांड्याची उंची त्याला पाठ होती, कलही पाठ होता. लेथवर तसंच उंच धुरांडं कातलं, आखूड उतरवलं, एका बाजूखाली कागदाची घडी सरकवून कल बरोब्बर साधला आणि बसवलं. लांबून पाहिलं. ते दादाचं धुरांडं नव्हतं. एक चांगलं सरळ धुरांडं कुणीतरी मुद्दाम तिरकं केलं होतं, एवढंच. बुडाशी सोल्डरचा गोळा ठेवायला गेला, तर हाताने आपोआप तो पुसून घेतला. पुन्हा केलं, पुन्हा पुसला. आयर्न डाव्या हातात घेऊन पाहिलं, तर डावा हातही मेला चांगल्या वळणाचा निघाला. सकाळपासून दुपारपर्यंत तो चुकायचा प्रयत्न करत होता आणि त्याला चुकता येत नव्हतं. दादाला जन्मभर न शिकता जमलेली गोष्ट!

शेवटी त्याने आयर्न, सोल्डर, इंजिन आणि सुटं धुरांडं एका पिशवीत घातलं आणि दादाच्या घरी गेला. वहिनी पुढच्या खोलीत मशीनवर बसल्या होत्या, पडद्याला दुमड घालत. त्याने कापडं बाजूला सारली, सगळं मांडलं, आयर्नची पिन भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावली.

"वहिनी, तुम्ही बसवा. तेव्हा बसवलं होतं तसं."

वहिनींनी मशीन थांबवलं.

"तेच होणार आहे का ते, भावजी?"

"नाही. पण तुमच्या हातचं तरी होईल."

त्यांनी नाही म्हटलं नाही. बोटावरचं शिवणाचं टोपण काढून ठेवलं आणि आयर्न उचललं. काटकोनाने धुरांडं धरायला चिमटा पुढे केला, तर म्हणाल्या, राहू दे, मीच धरते. त्यांनी ते बॉयलरवर टेकवलं, आयर्न लावलं, सोल्डरची तार पुढे केली. धूर निघाला, विरला. त्यांनी हात बाजूला घेतला.

धुरांडं सरळ बसलं होतं. बुडाशी सोल्डरची बारीक, चकचकीत कड, काजासारखी.

वहिनींना हसू आलं. "बघा. शिवणाऱ्या बाईचा हात आहे. हलतोय कशाला?"

"पुन्हा करून बघा," काटकोन म्हणाला.

त्यांनी उतरवलं, पुन्हा बसवलं. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम हात ढिला सोडून पाहिला, पण ढिला सोडलेला हातसुद्धा त्यांचाच होता. या वयात सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारा.

"ते ह्यांचं होतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "माझ्यात नाही ते." मग म्हणाल्या, "तुम्ही ठेवून बघता हात?"

इतक्या वर्षांत त्याने वहिनींच्या हाताला कधी हात लावला नव्हता. त्याने खुर्ची जवळ घेतली आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, दादा ठेवायचा म्हणाल्या होत्या तसा. वहिनींनी आयर्न पुढे नेलं आणि थांबल्या. वाट बघत होत्या. काटकोनही वाट बघत होता. हल, तो मनात म्हणाला. एकदा हल. हात तसाच राहिला, नकाशावर पट्टी ठेवावी तसा. सोल्डर वितळलं, पसरलं, थिजलं. धुरांडं काटकोनात उभं होतं.

"तुमचाही नाही हलत," वहिनी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, काही नव्हतं.

काटकोनाला आपल्या हाताचा राग आला. असा राग त्याला आयुष्यात कशाचाच आला नव्हता. ज्या हाताचं कचेरीत कौतुक झालं, ज्याने दादाला दर रविवारी नापास केलं, तो हा हात, आणि आज एवढंसं मागितलं तर ह्याच्याने होत नाही. कुणाच्याच हाताने होणार नव्हतं. जगात एकच हात असा हलायचा आणि तो आता नव्हता. रागामागून आणखी काहीतरी वर येत होतं, जड, छातीत न मावणारं. आता त्याला दुखत होतं.

"दादा गेला, वहिनी," तो म्हणाला.

हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. तेव्हाचे सगळे फोन बायकोने केले होते.

"हो, भावजी," वहिनी म्हणाल्या. "गेले."

त्यांनी दुसऱ्या हाताने आयर्न स्टँडवर ठेवलं आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत पहिला हात त्याच्या हाताखालून काढला नाही.